दोन टाकळे

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात मी राहायला आलो तेव्हा पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना बरीच मोकळी जागा होती. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की ती सगळी जागा टाकळ्याने हिरवी व्हायची. आज तिथे इमारती आहेत, दुकानं आहेत, रिक्षांची रांग आहे. तरी टाकळा गेलेला नाही. गटाराच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीखाली, उरलेल्या विटांच्या ढिगाऱ्यावर, जिथे मूठभर माती सापडेल तिथे तो उगवतो. फुलपाड्याच्या नावात फूल असलं तरी पावसाळ्यात इथे राज्य टाकळ्याचं असतं.

या टाकळ्याशी माझं एक जुनं देणं आहे. ते फेडता येण्यासारखं नाही, म्हणून निदान लिहून ठेवतो.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. १९९८ सालची गोष्ट. पावसाळा संपत आला होता आणि नववीच्या वर्गात सजीवांचं वर्गीकरण चाललं होतं. मी मुलांना सांगितलं, आपापल्या घराजवळची एक-एक वनस्पती घेऊन या. कुणी जास्वंद आणली, कुणी तुळस आणली. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणारा एक मुलगा होता, वर्गात फारसा न बोलणारा. त्याने दोन फांद्या आणल्या होत्या.

"सर, हे दोन टाकळे आहेत," तो म्हणाला.

मी म्हटलं, "फांद्या दोन आहेत. टाकळा एकच."

"नाही सर. हा वेगळा आहे आणि हा वेगळा आहे. आई हा खुडते, हा नाही खुडत."

वर्ग हसला. मी त्याच्या हातातून फांद्या घेतल्या, वरवर पाहिल्या. दोन्हींना पानाच्या तीन-तीन जोड्या, दोन्हींना पिवळी फुलं, दोन्हींना बारीक लांब शेंगा. मी फळ्याकडे वळत म्हणालो, "पुस्तकात टाकळा एकच आहे. तुम्हा लोकांना भाजी कळते, पण शास्त्र ही वेगळी गोष्ट आहे."

वर्ग पुन्हा हसला. त्या मुलाने दोन्ही फांद्या खिडकीतून बाहेर टाकल्या आणि तो खाली बसला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. माझ्या त्या वाक्यामुळे आला नाही, असं मी म्हणत नाही. पाड्यावरची मुलं शाळा सोडतात त्याला पोटाची, कामाची, अंतराची अशी बरीच कारणं असतात. पण त्या कारणांच्या यादीत माझं वाक्य नव्हतं, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की तो मुलगा बरोबर होता.

टाकळा म्हणून आपण जी भाजी ओळखतो, तिच्यासारखीच दिसणारी आणखी एक वनस्पती आहे. एकीचं शास्त्रीय नाव सेना टोरा, दुसरीचं सेना ऑब्ट्युसिफोलिया. पानं सारखी, फुलं सारखी, उगवण्याची जागा सारखी. फरक पाहायचा तर वाकून पाहावं लागतं. पानाच्या दांडीवर, पानांच्या जोडीच्या मधोमध, टाचणीच्या डोक्याएवढी एक ग्रंथी असते. टोरामध्ये ती सर्वांत खालच्या दोन जोड्यांच्या मध्ये सापडते, ऑब्ट्युसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. टोराच्या फुलाचा आणि शेंगेचा देठ आखूड, दुसरीचा लांब. बी फोडण्याचीही गरज नाही; तिच्या अंगावर एक पट्टा असतो, तो टोराच्या बियांवर रुंद आणि दुसरीच्या बियांवर अगदी अरुंद. एवढाच फरक. पण प्रत्येक झाडावर, प्रत्येक पावसाळ्यात तोच.

गंमत अशी की ही चूक मी एकट्यानेच केली होती असं नाही. कार्ल लिनियसने १७५३ साली वनस्पतींच्या जातींवरचा आपला मोठा ग्रंथ छापला, त्यात या दोन्ही वनस्पतींना वेगवेगळी नावं होती. १८७१ साली जॉर्ज बेंथम या थोर इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने या साऱ्या गटाची फेरतपासणी केली आणि दोन्हींना एकच ठरवलं. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींच्या ग्रंथानेही तेच धरलं. मग १९५८ साली ब्रेनन यांनी पुन्हा नीट पाहून सांगितलं की या दोन आहेत. म्हणजे सुमारे ८७ वर्षं पुस्तकात टाकळा एक होता आणि त्याच्या आधी आणि नंतर दोन. त्या सगळ्या काळात रानातले टाकळे मात्र आपापल्या देठाने, आपापल्या बियांनी उगवतच होते. त्यांना पुस्तकाची खबर नव्हती.

इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो केवळ वनस्पतींचा नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं आपण म्हणतो, तेव्हा ते वेगळेपण कुठे असतं? त्या गोष्टींत, की आपल्या पाहण्यात? आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

आपल्या पाठ्यपुस्तकात वर्गीकरणाची उतरंड दिलेली असते. तिची शेवटची पायरी आहे 'जाती'. बोलताना आपण त्याला सरळ 'जात' म्हणतो. भाताची जात, आंब्याची जात, टाकळ्याची जात. हा शब्द मूळचा जन्माशी जोडलेला. ज्याच्या पोटी जन्म, ती जात. आता आपल्या घरांत आणखी एक शब्द फिरत असतो, अरबीतून उर्दूत आलेला: ज़ात. त्याचा मूळ अर्थ स्वत्व, सत्त्व, एखाद्या गोष्टीचं अंगभूत असणं. उच्चार इतके जवळचे की उर्दूत ज़ात हाच शब्द माणसाच्या जातीसाठीही रुळला. म्हणजे एक शब्द विचारतो, तू कुणाचा? दुसरा विचारतो, तू मुळात काय आहेस? टाकळ्याला कुठला प्रश्न विचारायचा?

जुन्या विद्वानांनी दुसरा प्रश्न विचारला. ग्रीकांकडून तर्कशास्त्र अरबांकडे आलं, तेव्हा पॉर्फिरी नावाच्या पंडिताची एक छोटी प्रस्तावना त्याबरोबर आली. तेराव्या शतकात असीरुद्दीन अबहरी यांनी त्या विषयावर लिहिलेली 'इसागोजी' ही पुस्तिका आपल्याकडच्या मदरशांच्या दर्स-ए-निज़ामीत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्यात दोन शब्द येतात, जिन्स आणि नौअ. जिन्स म्हणजे मोठा वर्ग, नौअ म्हणजे त्यातला प्रकार. प्राणी हा जिन्स, माणूस हा नौअ. आणि माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळं करणारी खूण म्हणजे त्याची बोलण्या-विचार करण्याची शक्ती. प्रत्येक प्रकाराला अशी एक पक्की, न बदलणारी खूण असते, ही त्यामागची समजूत. हा जिन्स मराठीत येऊन 'जिन्नस' झाला आणि आपण तो किराणाच्या यादीत नि दस्तरखानावर वापरतो, हे आपल्या लक्षातही नसतं.

ही समजूत नीटनेटकी आहे, पण रानात गेल्यावर ती अडखळते. कारण एकाच जातीची दोन झाडंसुद्धा हुबेहूब सारखी नसतात. सावलीतल्या टाकळ्याची पानं मोठी, कातळावरच्या टाकळ्याची बोटाच्या पेराएवढी. आणि काही वनस्पती तर स्वतःशीच सारख्या नसतात. याचं आपल्या भागातलं उत्तम उदाहरण शेवळ.

वसई-पालघरच्या माणसाला शेवळाची ओळख करून द्यायला नको. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बाया विरारच्या बाजारात शेवळाच्या जुड्या आणून बसतात. हे शेवळ म्हणजे त्या वनस्पतीचा न उमललेला फुलोरा. जमिनीतल्या कंदातून तो एकटाच वर येतो, पानाचा पत्ता नसतो. फुलोरा येऊन गेला की मग पान येतं, छत्रीसारखं पसरलेलं. फुलोरा पाहिलेल्या माणसाने ते पान पाहिलं तर ही दोन वेगळी झाडं आहेत असंच तो म्हणेल, कारण त्याने ती दोन्ही एकत्र कधी पाहिलेलीच नसतात. एकच जीव, पण त्याला अर्धाच भेटलेले लोक त्याला दोन नावं देतील. ज्याने वर्षभर त्या जागेवर नजर ठेवली, त्यालाच तो एक आहे हे कळेल.

तेराव्या शतकात शामच्या मुलुखात रशीदुद्दीन इब्न अस-सूरी नावाचा हकीम होऊन गेला. तो वनस्पती पाहायला लेबनॉनच्या डोंगरांत जायचा तेव्हा एका चित्रकाराला रंगांसकट बरोबर न्यायचा. त्याच्याबद्दल इब्न अबी उसैबिया या इतिहासकाराने नोंदवलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इब्न अस-सूरी एकाच वनस्पतीची तीन चित्रं काढून घ्यायचा. एक ती कोवळी असताना, एक ती भरात येऊन बी धरते तेव्हाचं, आणि एक ती वाळल्यावरचं. वाचणाऱ्याला ती ज्या अवस्थेत भेटेल त्या अवस्थेत ओळखू यावी म्हणून. एका नजरेत ओळख होत नाही, हे त्या हकिमाला आठशे वर्षांपूर्वी कळलं होतं. मला नववीच्या वर्गात कळलं नाही.

मग विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी पहिला प्रश्न विचारायला घेतला, तू कुणाचा? त्याआधी डार्विनने १८५९ साली दाखवून दिलं होतं की जाती या कायमच्या घडवून ठेवलेल्या नाहीत, त्या हळूहळू बदलत, फुटत जातात. जात आणि वाण यांच्यामध्ये पक्की रेघ मारता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १९४२ साली अर्न्स्ट मायर यांनी एक व्याख्या मांडली, जी पुढे शाळा-कॉलेजांत सगळीकडे गेली. दिसण्यावर जाऊ नका, असं तिचं सार. ज्यांचा आपसांत संकर होऊन वंश पुढे चालतो आणि इतरांशी चालत नाही, तो समूह म्हणजे एक जात. म्हणजे सत्त्व नव्हे, नातं. ज़ात नव्हे, जात.

ही व्याख्या जास्त खरी आहे. पण तीही सगळीकडे पुरत नाही. त्यासाठी वसईच्या बाहेर जायला नको. वसईची केळी प्रसिद्ध. राजेळी केळी सोलून, वाळवून त्यांची सुकेळी करतात, ती इथली जुनी खासियत. आता आपण खातो त्या केळ्यात बी नसतं. केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू काढून लावायचं, अशीच ती वाढत आली. लग्न नाही, संकर नाही, बी नाही. मग जात कशी ठरवायची? १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आपल्या बहुतेक लागवडीच्या केळ्यांचा उगम दोन वेगळ्या रानकेळींत आहे, म्युझा अक्युमिनाटा आणि म्युझा बाल्बिसियाना. कुठल्या केळ्यात एकीचाच अंश, कुठल्यात दोघींचा कमी-अधिक अंश. निसर्गाने घातलेली कुंपणं ओलांडून हे फळ जन्माला आलं, आणि पूजेच्या ताटापासून इफ्तारच्या दस्तरखानापर्यंत ते कुठेही चालतं. त्याची शुद्ध जात कोणती, असं आजवर कुणी विचारलेलं मला माहीत नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग या जाती-बितीच्या रेघा सगळ्या माणसाने मारलेल्या. आज एक, उद्या दोन. खरं काहीच नाही. हे म्हणणं मला मान्य नाही, आणि मान्य न होण्याचं कारण पुस्तकातलं नाही, घशातलं आहे.

नोकरीला लागलो त्या वर्षी मी मोठ्या हौसेने बाजारातून शेवळं आणली. विकणारी मावशी म्हणाली, "काकडं घेऊन जा." मला वाटलं, ही जास्तीचा माल खपवते आहे. मी नको म्हटलं. अम्मीने सुकट घालून भाजी केली. दोन घास खाल्ले आणि घरातल्या सगळ्यांच्या जिभेला नि घशाला अशी खाज सुटली की रात्रभर कुणी झोपलं नाही. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशात टोचतात. आतला पिवळसर भाग काढून टाकायचा आणि काकडाच्या आंबट फळांचा रस घालायचा, तेव्हा ती भाजी खाण्याजोगी होते. मावशीला हे ठाऊक होतं. अम्मी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तिने सांगितलं होतं ना? मग?"

ही खाजेची गोष्ट झाली. यापेक्षा गंभीर गोष्टी आहेत. रानातला कडू कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून मगच शिजवतात. कळलावीचं फूल ज्वाळेसारखं सुंदर, पण तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहर असतं, आणि खायचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसं मेलेली आहेत. तेव्हा भेद खोटा नसतो. जो भेद आहे तो ओळखला नाही तर जीव जातो. आणि हे भेद पोटासाठी, मुलाबाळांसाठी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखून ठेवले, ते लोक फळ्यासमोर उभे नव्हते.

मायर तरुणपणी, १९२८ साली, न्यू गिनीच्या आर्फाक डोंगरात पक्षी गोळा करायला गेले होते. त्यांनी तिथे १३७ जातींचे पक्षी मोजले. तिथल्या रानातल्या लोकांकडे त्यांपैकी १३६ जातींना स्वतंत्र नावं होती. फक्त एका ठिकाणी दोन सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांना त्यांनी एक मानलं होतं. मायर हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्या मुलाची आईसुद्धा त्याच शाळेत शिकलेली होती.

खुद्द आपल्या लोकलच्या मार्गावरचं एक उदाहरण आहे. पावसाच्या सुरुवातीला गवतासारख्या लांब पानांची एक भाजी येते. कुणी तिला फोडशी म्हणतं, कुणी कुलू, कुणी कोळीभाजी. म्हणजे नावं अनेक. आणि उलट, या नावांखाली येणाऱ्या वनस्पतीही अनेक, सगळ्या क्लोरोफायटम या एकाच प्रजातीतल्या. गेल्या शतकाच्या मध्याला मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी त्यांतली एक वेगळी काढली आणि तिला नाव दिलं क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. बोरिवलीवरून. विरारहून चर्चगेटला जाताना रोज लागणारं स्टेशन! तिच्यासारख्याच दुसऱ्या एका जातीपासून ती ओळखायची तर जमीन उकरावी लागते. एकीच्या गाठी थेट बुडाला लागलेल्या, दुसरीच्या गाठी दोऱ्यासारख्या मुळांना लोंबणाऱ्या. हीच पुढे सफेद मुसळी म्हणून गाजली. २००० सालाच्या आसपास तिच्या शेतीची लाट आली आणि ओसरली. बाजारात मात्र सफेद मुसळी म्हणून शतावरीच्या जातभाईंची मुळंही विकली जातात. नावावर पैसे मिळतात, मग नावाखाली काय आहे हे कोण उकरून पाहतो?

नावाबद्दलचा प्रामाणिकपणा कसा असतो त्याचीही एक गोष्ट आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचं अरबी भाषांतर झालं. इस्तिफान इब्न बासील याने ते केलं आणि हुनैन इब्न इसहाकने ते तपासलं. ज्या वनस्पतींची अरबी नावं इस्तिफानला ठाऊक होती ती त्याने लिहिली. जी ठाऊक नव्हती, तिथे त्याने अंदाजाने काही घातलं नाही. ग्रीक नाव तसंच ठेवलं, या भरवशावर की पुढे कुणीतरी जाणकार येईल आणि ती जागा भरेल. शंभरेक वर्षं त्या जागा तशाच राहिल्या. मग कैसरकडून या ग्रंथाची सचित्र ग्रीक प्रत कुर्तुब्याला अब्दुर्रहमान तिसरे यांच्या दरबारात आली आणि ९५१ साली निकोलस नावाचा ख्रिस्ती भिक्षू ती वाचायला तिथे पोहोचला. तो, हसदाय इब्न शप्रूत हा यहुदी वजीर आणि शहरातले मुसलमान तबीब असे मिळून ती राहिलेली नावं शोधायला बसले, आणि अगदी थोडी सोडली तर बाकीची त्यांनी लावली. हे इब्न जुलजुलने लिहून ठेवलं आहे.

मला या गोष्टीत तिघांच्या एकत्र बसण्याइतकंच त्या आधीच्या मोकळ्या सोडलेल्या जागेचं मोल वाटतं. 'हे मला माहीत नाही' असं ग्रंथात लिहून ठेवायला विद्वत्ता लागते. माझ्याकडे पुस्तक होतं, ती नव्हती.

आता वनस्पती सोडून माणसाकडे येतो, कारण 'जात' हा शब्द आपल्याला तिथे नेल्याशिवाय राहत नाही.

शास्त्राच्या कुठल्याही व्याख्येने पाहा, आज पृथ्वीवरची सगळी माणसं ही एकच जात आहे. तिथे ना ग्रंथीचा फरक, ना बियांवरच्या पट्ट्याचा. तरी ज्या लिनियसने दोन टाकळे अचूक वेगळे केले, त्यानेच १७५८ साली माणसाला होमो सेपियन्स हे नाव देताना त्याचे कातडीच्या रंगावरून आणि खंडांवरून प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभाव चिकटवून टाकले. कुणी चपळ बुद्धीचा, कुणी आळशी, कुणी लोभी. टाकळा त्याने वाकून पाहिला होता. माणसं त्याने ऐकीव गोष्टींवरून लिहिली.

हे असं ऐकीवावरून लिहिलं जाणं काय असतं, ते या वार्षिकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. थोडं मोठं घर घ्यावं म्हणून मी एकदा वसई-विरारमध्ये शोध घेत होतो. एका दलालाशी फोनवर बोलणं झालं. माझं बोलणं ऐकून तो खूश झाला, म्हणाला, "आपली माणसं असली की बरं असतं." संध्याकाळी घर पाहायला गेलो, नाव सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मालकाचा भाऊ गावाहून येणार आहे, असं त्याला अचानक आठवलं. निघताना तो अवघडून म्हणाला, "तुमचं मराठी मात्र फार छान आहे हां. कुठे शिकलात?"

मी काय सांगणार? टाकळा माती कुठून शिकतो?

त्या रात्री मला राग आला होता. त्याने माझं एकच पान पाहिलं आणि जात ठरवली. मी कोणत्या मातीतला, कुठल्या बोलीत अम्मीने मला जोजवलं, शाळेत किती मुलांना मी मराठीतून शिकवलं, यातलं काही पाहायची त्याला गरज वाटली नाही. हा राग बरेच दिवस टिकला. आणि एके दिवशी अचानक मला ते वाक्य आठवलं. 'तुम्हा लोकांना भाजी कळते.' हे दलालाचं नव्हतं, माझं होतं. त्या दलालाने निदान कारण तरी बनवलं होतं. मी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

तेव्हा मला दिसलं की एकाच तासात मी दोन चुका केल्या होत्या, एकमेकींच्या उलट. जिथे भेद होता, टाकळ्यात, तिथे मी तो पाहिला नाही. जिथे नव्हता, माणसात, तिथे मी तो घातला. आणि दोन्ही चुकांचं कारण एक. दोन्ही वेळा मी पाहिलं नव्हतं, पाहिल्यासारखं केलं होतं.

ओळखणं ही नैतिक गोष्ट आहे, असं मला म्हणायचं आहे ते एवढ्यासाठी. सगळं सारखं म्हणणारा स्वतःला उदार समजतो, आणि सगळं वेगळं म्हणणारा स्वतःला चोख समजतो. पण दोघेही वाकत नाहीत. खरा भेद मानायचा आणि खोटा भेद नाकारायचा, तर दोन्हींसाठी खाली बसावं लागतं, फुलोऱ्यापासून पानापर्यंत थांबावं लागतं, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावं लागतं, मग तो पाड्यावरून आलेला चौदा वर्षांचा मुलगा का असेना. हजरत आदम यांना सगळ्या गोष्टींची नावं शिकवली गेली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातला 'शिकवली गेली' हा भाग आपण विसरतो. नावं शिकायची असतात. ती कुणी जन्मतः घेऊन येत नाही, आणि अधिकाराच्या खुर्चीत बसलं म्हणूनही ती येत नाहीत.

निवृत्तीनंतर मी एक साधं भिंग घेतलं. पुढच्या भादव्यात धरणाच्या वाटेवरचे टाकळे एकेक करून पाहिले. पाच-सहा दिवस गेले. मग एका कुंपणाच्या कडेला, हातभर अंतरावर, दोन्ही सापडले. एकाच्या शेंगा आखूड देठावर, दुसऱ्याच्या लांब देठावर. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून होतो. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, "काका, काही हरवलं का?" मी हो म्हणालो.

त्या मुलाचा मी शोध घेतला होता. पाडा होता तिथे आता चाळी आहेत आणि तिथल्या कुणाला ते घर आठवत नाही. तो आज चाळिशीचा असेल. कुठे असेल, काय करत असेल, त्याच्या मुलांना दोन टाकळे ठाऊक असतील का, मला सांगता येणार नाही.

यंदा पावसाळ्यात माझी नात माझ्याबरोबर फिरायला आली होती. तिने एक कोवळं रोप उपटून माझ्यापुढे धरलं. "नाना, हा टाकळा ना? तुम्ही म्हणता ते दोन, त्यातला कुठला?"

भिंग घरी राहिलं होतं. कोवळं रोप होतं. दांडीवरचं काही मला नीट दिसेना, आणि फूल-शेंग अजून यायची होती. मी तिला म्हटलं, "आज सांगता येणार नाही बेटा. इथे अजून रोपं आहेत ना, ती राहू दे. शेंगा धरल्या की आपण परत येऊ."

तिने ते रोप पुन्हा मातीत खोचलं आणि मुळाशी माती दाबली. जगेल की नाही कुणास ठाऊक. पण जागा आम्ही दोघांनी लक्षात ठेवली आहे.